रुपेरी पडद्यावरील मराठेशाही

सिंहगडावर कल्याण दरवाजाच्या अंगाला उभे असतां माझ्या दहा वर्षांच्या नातवानें मला विचारलें, "आजोबा, ती नागीण तोफ आतां कुठें ठेवली आहे?" हा गड मी आयुष्यांत निदान चाळीस वेळां चढलों असेन. देवटाक्याचें पाणी, राजाराम महाराजांची समाधि, टिळकांचा बंगला, तानाजीचें स्मारक हें सारें मला डोळे मिटून दाखवितां येईल. पण नागीण तोफ मला ठाऊक नव्हती. गड उतरतांना उलगडा झाला. २०२० च्या जानेवारींत प्रदर्शित झालेला 'तान्हाजी' हा चित्रपट त्यानें घरीं तीन वेळां पाहिला होता. त्यांत उदयभान राठोड एक प्रचंड तोफ कोंढाण्यावर चढवितो आणि तिचें तोंड राजगडाकडे करतो. मुलगा ती तोफ शोधीत होता. अशी तोफ कधींच नव्हती, असें मीं सांगितलें तेव्हां त्याचा चेहरा असा पडला कीं, जणुं काय मीं त्याच्या खिशांतलें कांहीं काढूनच घेतलें.

प्रथमच सांगितलें पाहिजे कीं, मी चित्रपटांचा द्वेष्टा नव्हे. गेल्या दहा वर्षांत मराठेशाहीवर निघालेले बहुतेक बोलपट मीं पैसे देऊन, आणि कांहीं तर दोनदोनदां, पाहिले आहेत. इतिहासांत कल्पनेची भर घालूं नये असेंहि माझें म्हणणें नाहीं. तसें म्हटलें तर हरिभाऊ आपट्यांनाहि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें लागेल. माझी तक्रार निराळी आहे. हे चित्रपट जी भर घालतात ती मूळ वस्तूपेक्षां दरिद्री असते. जुन्या कागदांत जें नाट्य पडून आहे तें टाकून देऊन त्याच्या जागीं कारखान्यांत घडविलेलें नाट्य आणून बसविलें जातें, आणि त्या व्यवहारांत नेमका नायकच लहान होतो.

कोंढाण्याचेंच पाहा. सिंहगड आणि राजगड यांमधील अंतर, पक्षी उडतो तसें मोजलें तरी, सुमारें १५ किलोमीटर भरेल. इतक्या पल्ल्यावर गोळा टाकणारी तोफ त्या शतकांत पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि नव्हती. तें राहूं द्या. जिंजी येथें १६९७ च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासदानें लिहिलेल्या बखरींत या दोन गडांमधला एक खरा दुवा आला आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीं निवडक मावळे कडा चढून गेले. तानाजी व उदयभान एकमेकांच्या हातून पडले. सूर्याजीनें मोडतें सैन्य सांवरलें. आणि गड हातीं आल्यावर मावळ्यांनीं वर असलेल्या घोड्यांच्या पागेला आग लावली. तो उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला. गड आला हें कळलें, काय गेलें तें मात्र अद्याप कळावयाचें होतें! अंधारांत पंधरा किलोमीटरांवर दिसणारा तो जाळ, आणि तो पाहून आनंदणारा राजा: याहून मोठा प्रसंग कोणता पटकथाकार लिहूं शकेल? यशवंती घोरपडीला बखरींत जागा नाहीं, ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून आली. तिला मी सुखेनैव क्षमा करतों, कारण ती लोकांच्या तोंडीं शतकानुशतकें वाढली आहे. तोफेला मात्र अशी कुळी नाहीं. उदयभानाचेंहि तेंच. मोगलांचा हा रजपूत किल्लेदार आपल्या धन्याच्या मिठाला जागून लढतां लढतां मेला. त्याला विकट हास्य करणारा राक्षस केल्यानें तानाजीचें शौर्य एका तिळाइतकेंहि वाढलें नाहीं. ती भूमिका करणाऱ्या नटानेंच पुढें एका मुलाखतींत हा इतिहास नव्हे असें सांगून टाकलें, हें त्याच्या प्रामाणिकपणाला शोभलें. पण तोंवर चित्रपट घरोघर पोंचला होता.

या विषयाला आपल्याकडे परंपरा आहे हें विसरतां कामा नये. आपट्यांच्या कादंबरीवरून कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनीं १९२३ सालीं 'सिंहगड' हा मूकपट काढला, रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशांत चित्रित करून दाखविले, आणि शेलारमामाचें काम शांताराम या तरुणाकडे दिलें. तेच शांताराम १९३० च्या 'उदयकाल' या प्रभातच्या मूकपटांत स्वतः शिवाजी झाले. त्या चित्रपटाचें आधींचें नांव 'स्वराज्याचें तोरण' असें होतें. सरकारी परीक्षकांना 'स्वराज्य' हा शब्द सोसला नाहीं, म्हणून तें बदलावें लागलें. परक्या सत्तेला चित्रपटाच्या नुसत्या नांवाची भीति वाटावी, असे ते दिवस होते. आज तो शब्द उच्चारावयास कोणाची बंदी नाहीं, आणि कदाचित् म्हणूनच आजचे नायक तो इतक्या मोठ्यानें ओरडतात.

२०१५ च्या डिसेंबरांत 'बाजीराव मस्तानी' आला. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर तो आधारलेला. आरसेमहाल, झुंबरें, पैठण्या यांचा असा पूर कीं, शनिवारवाड्यांत एवढा पैसा असता तर बाजीरावाच्या पत्रांत कर्जाचें रडगाणें आलेंच नसतें! काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून पुण्यांत मोठा गहजब झाला. मलाहि तें गाणें रुचलें नाहीं. पण त्या गदारोळांत एक गोष्ट कोणाच्या लक्षांतच आली नाहीं, कीं पालखेडची मोहीम चित्रपटांत कुठेंच नीट दिसत नाहीं. १७२८ च्या फेब्रुवारींत बाजीरावानें निजामाला खानदेश-गुजराथच्या वाटांनीं हिंडवून थकविलें, जड तोफा मागें टाकावयास लावल्या, आणि वैजापुराजवळ पाण्यावांचून कोंडून धरलें. मोठी लढाई न होतांच निजाम तहाला आला, आणि ६ मार्च रोजीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. या पुरुषाचें अलौकिकत्व व्यर्थ रक्त न सांडण्यांत होतें. चित्रपटांतला बाजीराव शेवटीं काय करतो? तो एकटाच शत्रूच्या फळीवर धांवत सुटतो. ज्याची सारी कीर्ति घोड्याच्या टापांखालीं नकाशा मोजण्याची, त्याला अविचाराच्या पराक्रमाचें पदक द्यावयाचें! कपाळावरचे केंस काढलेल्या त्या नटाच्या चालण्याबोलण्यांत ऐट होती, हें मात्र मला कबूल केलें पाहिजे.

याच्या उलट मासला म्हणजे २०१९ च्या डिसेंबरांतील 'पानिपत'. आशुतोष गोवारीकरांच्या या चित्रपटाची चोहोंकडून थट्टा झाली, आणि तिकिटांच्या खिडकीवरहि त्याला यश आलें नाहीं. तरी मला तो त्या काळांतील सर्वांत प्रामाणिक प्रयत्न वाटला. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढला, त्यांतलीं पत्रें ज्यानें चाळलीं असतील त्याला ठाऊक आहे कीं, पानिपतची शोकांतिका १४ जानेवारी १७६१ च्या एका दिवसाची नाहीं. ती महिनोन्महिने चाललेली पैशाची, दाण्याची आणि वैरणीची कथा आहे. भाऊसाहेब पत्रांमागून पत्रें लिहून गोविंदपंत बुंदेल्याकडे रसद मागत आहेत; गोविंदपंत डिसेंबरांत मारला जातो; छावणींत बायकामुलें, यात्रेकरू, बुणगे उपाशी आहेत; आणि शेवटीं सैन्य कोंडून मरण्यापेक्षां लढून मरूं म्हणून बाहेर पडतें. या चित्रपटानें तिजोरीचा हिशेब, मित्रांची जुळवाजुळव, यमुनेची अडचण यांना निदान स्पर्श तरी केला, आणि इब्राहिमखान गारद्याला त्याचें मानाचें स्थान दिलें. पण उपासमारीला जेवढा वेळ हवा होता तेवढा दिला नाहीं. तो गाण्यांना दिला. भरतपुरच्या सूरजमलाच्या चित्रणांत मात्र तो सरळ चुकला. हा जाट राजा युद्धापूर्वीं छावणी सोडून गेला हें खरें. परंतु पराभवानंतर अन्नवस्त्रावांचून पळत आलेल्या हजारों मराठ्यांना त्यानें आणि राणी किशोरीनें आसरा दिला. राजस्थानांत लोक संतापले, आणि कांहीं भाग कापावा लागला. त्या संतापांत राजकारण असेल. पण ज्यानें आपल्या माणसांना घास दिला त्याचें ऋण आपल्या चित्रपटानें विसरावें, याची लाज आम्हांस वाटावयास हवी होती. महिन्याभरांतच आलेल्या नागीण तोफेनें गर्दी खेंचली आणि पानिपतचा हिशेब रिकाम्या खुर्च्यांपुढें वाचला गेला. निर्मात्यांनीं यांतून कोणता धडा घेतला असेल हें सांगावयास नको.

मराठी बोलपटांचा संसार गरिबीचा, तरी तेथें दिग्पाल लांजेकरांनीं चिकाटीनें एकामागून एक शिवकालीन चित्रपट काढले. त्यांपैकीं 'पावनखिंड' (२०२२) मीं एका लहान गांवच्या थिएटरांत पाहिला. शेजारीं बसलेल्या म्हातारबाई बाजीप्रभूच्या अखेरच्या प्रसंगीं पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. बाजीबरोबर बांदल मंडळीला, रायाजीला आणि शिवा काशिदाला त्यांच्या नांवानिशीं पडद्यावर आणलें, हें या चित्रपटाचें मोठें पुण्य. परंतु जुलै १६६० च्या त्या रात्रीचा खरा शत्रु सिद्दी जौहराइतकाच पाऊस होता. पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतची चिखलाची, जळवांची आणि काळोखाची वाट ज्यानें भर पावसाळ्यांत एकदां तुडविली आहे त्याला विचारा. ती वाट चटकन् संपते आणि तलवारींचा खणखणाट मंद गतीनें, पुन्हां पुन्हां, संपतां संपत नाहीं. त्याच वर्षीं त्याच प्रसंगावर आलेल्या 'हर हर महादेव'विषयीं अधिक लिहीत नाहीं. त्याचे खेळ बंद पाडण्यांत आले तें मला पसंत नाहीं, आणि चित्रपटहि पसंत नाहीं.

आतां 'छावा'. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं तो आला, आणि माझ्या पाहण्यांत एवढी गर्दी इतक्या विविध वयांची कधीं जमली नव्हती. संभाजी महाराजांवर इतिहासानें खरोखरच अन्याय केला होता. मल्हार रामरावाच्या बखरीनें त्यांना व्यसनी ठरविलें, नाटककारांनीं तेंच रंगविलें, आणि पिढ्यानुपिढ्या आम्ही तें खरें मानलें. वा. सी. बेंद्रे यांनीं वर्षानुवर्षें कागद शोधून १९६० सालीं ग्रंथ सिद्ध केला, मागून कमल गोखल्यांनीं काम पुढें नेलें, तेव्हां हा डाग धुतला गेला. शिवाजी सावंतांची कादंबरी आली ती त्यानंतर, १९७९ सालीं; आणि तिच्यावरून हा चित्रपट. थिएटरांतले अश्रू म्हणजे उशिरां मिळालेला न्याय होता, आणि तो पाहून मलाहि भरून आलें. औरंगजेबाचें काम करणाऱ्या नटानें फार थोडें बोलून त्या म्हाताऱ्या बादशहाचा थंडपणा दाखविला, तोहि उत्तम.

पण न्याय कशाचा झाला? संगमेश्वरास १ फेब्रुवारी १६८९ रोजीं पकडल्यापासून ११ मार्चच्या वधापर्यंतचे दिवस पडद्यावर अंगावर कांटा येईपर्यंत दाखविले आहेत. त्यापूर्वींचीं नऊ वर्षें मात्र घाईंत उरकलीं. जंजिऱ्याच्या सिद्दीशीं झुंज, १६८३ मध्यें फोंड्याचा वेढा मोडून पोर्तुगीजांच्या गोव्यापर्यंत दिलेली धडक, शहाजादा अकबराला दिलेला आश्रय, 'बुधभूषण' लिहिणारा संस्कृतज्ञ राजा, यांना त्यांच्या योग्यतेची जागा नाहीं. जगलेल्या राजापेक्षां मेलेला राजा आम्हांस अधिक हवा आहे काय? आणि येसूबाई! पतीच्या वधानंतर रायगडाला वेढा पडला असतां, स्वतःचा मुलगा बाजूस ठेवून दीर राजाराम यांना गादीवर बसवून बाहेर काढणारी, आणि पुढें १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेंत राहणारी ही बाई पतीला ओंवाळण्यापलीकडे पडद्यावर फारशी दिसत नाहीं.

त्या वसंतांत चित्रपटाबाहेर जें घडलें तेंहि नोंदलें पाहिजे. खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटला, १७ मार्च रोजीं नागपुरांत दंगल झाली, आणि या चित्रपटानें भावना चेतल्याचा उल्लेख विधानसभेंतहि झाला. दंगलीला कारणें अनेक असतात. चित्रपटाच्या माथीं ती मारून मोकळें होणें मला प्रशस्त वाटत नाहीं. पण त्याच महिन्यांत बुऱ्हाणपुराजवळ असीरगडाच्या पायथ्याशीं लोक रात्रीं विजेऱ्या घेऊन शेतें खणूं लागले. चित्रपटांत १६८१ ची बुऱ्हाणपुरची लूट पाहून मोगलांचें सोनें मातींत पुरलेलें असावें असें त्यांनीं ठरविलें होतें. हें वर्तमान मीं नातवाला वाचून दाखविलें. तो खो खो हंसला, आणि मग एकदम थांबून म्हणाला, "मी पण तोफ शोधतच होतों कीं!"

पागेच्या आगीची गोष्ट मीं त्याला त्या दिवशीं गड उतरतांनाच सांगितली होती. ती त्यानें शाळेंत मित्रांना सांगितली, आणि ती कोणत्या चित्रपटांत आहे असें त्यांनीं त्याला विचारलें म्हणे. येत्या सुटींत आम्ही दोघे राजगडावर जाणार आहोंत. पद्मावती माचीवरून संध्याकाळीं सिंहगडाकडे पाहावयाचें, असा बेत आहे. सिंहगडावर आतां दूरचित्रवाणीचा उंच मनोरा आहे. त्याचा दिवा दिसेल, असें मीं त्याला सांगितलें आहे.