गुरुत्वमध्याची उंची : कोणी मोजली, कशी मोजली?

बैलगाडीत कडबा भरताना शेतकरी मागच्या बाजूला फार भार होऊ देत नाही. झालाच तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून वर उचलली जाते. भार पुढे सरकला तर तो बैलांच्या मानेवर येतो. अशा रीतीने गुरुत्वमध्याचे पुढचे-मागचे स्थान अनुभवानेच ठरते. हा बिंदू जमिनीपासून किती उंच आहे, हे मात्र असे सहज कळत नाही. मोटारींच्या इतिहासातले काही गाजलेले वाद या उंचीशीच निगडित आहेत.

ही उंची मोजतात कशी, ते आधी पाहू. सपाट जागेवर पुढच्या चाकांखालचा भार वजनकाट्यावर मोजायचा. मग मागची चाके उचलून तो पुन्हा मोजायचा. गाडी कलली की गुरुत्वमध्य थोडा पुढे सरकतो आणि पुढचा भार वाढतो. त्या वाढीवरून उंची काढता येते. समजा, गाडीचे वजन 1000 किलो, दोन आसांमधील अंतर 2.5 मीटर, चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 50 सेंटिमीटर आहे. मागची बाजू अर्धा मीटर उचलली तर पुढचा भार वाढतो जेमतेम 16 किलो! काट्यात 2 किलोंची चूक झाली, तर उंचीत सुमारे 25 मिलिमीटरची चूक येते. शिवाय स्प्रिंगा दबल्या किंवा टाकीतले पेट्रोल हलले तर उत्तर बदलते. म्हणून या मोजणीची आंतरराष्ट्रीय मानक पद्धत ठरवावी लागली.

स्पोर्ट्स कारचे उत्पादक कमी उंची अभिमानाने सांगतात. 2012 मध्ये आलेल्या टोयोटाच्या जीटी-86 गाडीसाठी 460 मिलिमीटर हा आकडा जाहीर झाला. दुसऱ्या कंपनीची गाडी 20 मिलिमीटर उंच निघाली, तर फरक गाडीत आहे की मोजणीत? टाकी भरलेली होती का, चालक बसला होता का, हे कळल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

उंच गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी येतो. आपल्याकडे 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी पुष्कळांनी पोलिसांकडे पाहिली असेल. तिच्याच घराण्यातली, पण आखूड अशी सुझुकी सामुराई अमेरिकेत विकली जात होती. 1988 मध्ये तेथील 'कन्झ्युमर्स युनियन' या ग्राहकसंस्थेने, अडथळा चुकवताना ती उलटू शकते म्हणून तिला 'अस्वीकार्य' ठरवले. सुरुवातीच्या अनेक फेऱ्यांत गाडी कलली नव्हती. चाचणीचा मार्ग बदलल्यावर ती कलली. त्याच वर्षी अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा विभागाने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे मत देऊन गाड्या परत बोलावण्यास नकार दिला. सुझुकीने 1996 मध्ये खटला भरला. 2004 मध्ये तो तडजोडीने मिटला.

दरम्यान, ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनमधील एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली. कंपनीने आधी चाचणीलाच दोष दिला. नंतर विक्री थांबवून सस्पेन्शन बदलले आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक गाडीत बसवली.

या वादांतून एक साधे गुणोत्तर पुढे आले. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उत्तर जितके मोठे, तितकी गाडी स्थिर. साध्या मोटारींसाठी ते साधारण 1.3 ते 1.5 येते, तर उंच जीपवजा गाड्यांसाठी 1.0 ते 1.3. अमेरिकेने 2001 च्या गाड्यांपासून यावरून गुण देणे सुरू केले. यात सस्पेन्शनचा विचार नाही, अशी उत्पादकांची तक्रार होती. 2004 च्या गाड्यांपासून गाडी प्रत्यक्ष पळवून घेतलेल्या चाचणीची जोड त्याला मिळाली. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, हेच यातून दिसले.

आता नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरकडे जाणाऱ्या एका भरलेल्या जीपची कल्पना करू. माणसांसह वजन 1500 किलो, गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटरवर, चाकांमधील अंतर 1.3 मीटर. गुणोत्तर 0.93. टपावर, म्हणजे 2 मीटर उंचीवर, 200 किलोंची पोती टाकली की गुरुत्वमध्य 85 सेंटिमीटरवर जातो आणि गुणोत्तर 0.76 वर येते. वळण तेच, चालक तोच, पण गाडी वेगळी झाली! कंपनीने मोजलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी एकच नसते, ती अशी.

शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. खेळण्यातली गाडी फळीवर आडवी ठेवून फळी हळूहळू तिरपी करावी. गाडी घसरू नये म्हणून खालच्या चाकांशी बारीक पट्टी चिकटवावी. ती कोणत्या कोनाला कलंडते ते पाहावे, मग टपावर खडू ठेवून पुन्हा पाहावे. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच वरचे गुणोत्तर. कोणताही आकडा समोर आला की तो कोणी, कशा स्थितीत आणि किती चुकीच्या मर्यादेत मोजला, हे विचारण्याची सवय मुलांना अशा प्रयोगांतूनच लागेल.