ज्यांना सागरानेंच मूठमाती दिली

नोव्हेंबरच्या २ तारखेस, सर्व मृतात्म्यांच्या दिवशीं, आपण दफनभूमींत जातों, आप्तांच्या थडग्यावर मेणबत्ती लावितों आणि त्यांच्या शांतीकरितां प्रार्थना करितों. परंतु ज्याचें थडगेंच नाहीं, त्याच्या आईनें मेणबत्ती कोठें लावावी?

१९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत हा प्रश्न असंख्य घरांत उभा राहिला. इंग्लंडांतून रात्रीं बाँबफेकी विमानें निघत. लँकेस्टर जातीच्या विमानांत बहुधा सात जण असत. तें समुद्रांत कोसळलें, म्हणजे पुष्कळदां सातांपैकीं एकाचाही देह हातीं लागत नसे. अशा विमानांत शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे आपले एक देशबांधव मार्गदर्शक होते. ते जगले, ज्या विमानांतून त्यांनीं उड्डाणें केलीं, त्यांपैकीं एक आजही लंडनजवळ हेंडन येथील संग्रहालयांत ठेविलेलें आहे. परंतु त्या बाँबर दलाचे ५५,५७३ वैमानिक मरण पावले. ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा २०,००० हून अधिक वैमानिकांचीं नांवें १९५३ सालीं रनिमीड येथील स्मारकाच्या दगडांत कोरून ठेविलीं. पूर्वेकडे हरवलेल्यांचीं नांवें सिंगापूरच्या क्रांजी येथें आहेत.

इतक्या दूर तरी कशास जावें? वाशीहून किंवा पनवेलहून हार्बरच्या गाडींत बसून मशीद स्थानकावर उतरलें, कीं जवळच इंडियन सेलर्स होमची इमारत लागते. आपल्यापैकीं कित्येक रोज तिच्यावरून जात असतील आणि वर मानही करीत नसतील! पहिल्या महायुद्धांत समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या २,००० हून अधिक खलाशांचें स्मारक तेथें आहे. दुसऱ्या युद्धांतील ६,००० हून अधिक नांवें भिंतीवर नसून एका ग्रंथांत लिहिलेलीं आहेत. त्याच नांवांचा दुसरा ग्रंथ चितगांवच्या युद्धदफनभूमींत आहे. हे राजनौदलाचे व व्यापारी जहाजांवरील लोक. कोंकणी मुसलमान जहाजाच्या डेकवर घाम गाळीत, तर गोमंतकीय ख्रिस्ती आचारी व बटलर म्हणून चाकरी करीत. पाणतीर आला म्हणजे भट्टीपाशीं असलेल्याला वर येण्यास वेळ तो कसला मिळणार?

आपल्याच बंदरांतून २० नोव्हेंबर १९४२ रोजीं ‘तिलावा’ नांवाची आगबोट आफ्रिकेस निघाली. चौथ्या दिवशीं, २३ तारखेस, जपानी पाणबुडीनें ती अरबी समुद्रांत बुडविली. २८० माणसें गेलीं. त्यांत उतारू होते, खलाशी होते. पाण्यानें निवड केली नाहीं.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबें गोव्याहून, वसईहून, उरणकडून येथें येऊन वसलेलीं आहेत. एखाद्या आजोबांच्या भावाविषयीं, ‘तो बोटीवर गेला तो परतलाच नाहीं’ एवढेंच ज्यांच्या घरीं ऐकिवांत असेल, त्यांनीं त्याचें नांव महोत्सवाच्या मिस्सेपूर्वीं धर्मगुरूंकडे लिहून द्यावें. तें वेदीपुढें वाचलें जाईल.