दिसते ते आणि असते ते : ‘बॉम्बे’ रक्तगट व दोन शब्दांचा इतिहास

१/ ‘जीनोटाइप’ आणि ‘फेनोटाइप’. वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या आरंभीच पाठ करावी लागणारी ही जोडी. शालेय पुस्तकांत आपण हिलाच ‘जनुकविधा’ व ‘स्वरूपविधा’ म्हणून भेटलो. परीक्षेपुरता वाटणारा हा भेद १९५२ साली मुंबईत थेट रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडला. त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रारंभ ग्रेगोर मेंडेल यांच्यापासून. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या वाटाण्यांवरील निबंधात त्यांनी ‘प्रभावी’ व ‘अप्रभावी’ गुण असा भेद केला. प्रभावी म्हणजे बलवान किंवा श्रेष्ठ नव्हे. अप्रभावी गुण नष्ट होत नाही. तो एखाद्या पिढीत दडून राहतो आणि पुढच्या पिढीत पुन्हा प्रकटतो, एवढाच त्याचा अर्थ.

३/ हा निबंध १९०० पर्यंत उपेक्षितच राहिला. त्यानंतर इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी जणू शब्दांची टांकसाळच उघडली. एकाच गुणाच्या पर्यायी रूपांना त्यांनी दिलेल्या नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे आजचे ‘अ‍ॅलील’. जोडीतील दोन्ही अ‍ॅलील सारखे असतील तर ‘होमोझायगस’, भिन्न असतील तर ‘हेटेरोझायगस’. १९०५ साली एका पत्रात त्यांनी या नव्या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव सुचवले.

४/ ‘जीन’ हा शब्द मात्र डेन्मार्कचा. विल्हेल्म योहान्सन यांनी घेवड्याच्या एकेका रोपापासून स्वपरागणाने शुद्ध वाण वाढवले. एकाच वाणातील मोठे दाणे आणि लहान दाणे वेगवेगळे पेरले. पुढच्या पिढीच्या दाण्यांची सरासरी दोन्हीकडे सारखीच आली. आकारातला तो फरक वारशाचा नव्हता, वाढीच्या परिस्थितीचा होता.

५/ डोळ्यांना दिसणारे रूप आणि वारशाने मिळालेली घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. १९०९ च्या जर्मन ग्रंथात योहान्सन यांनी दिसणाऱ्या रूपाला ‘फेनोटाइप’, आतल्या घडणीला ‘जीनोटाइप’ आणि तिच्या घटकाला ‘जीन’ म्हटले. ‘फेनो’च्या मुळाशी ‘दिसणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे.

६/ इकडे व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले की, काही माणसांच्या रक्तरसात दुसऱ्यांच्या लाल पेशी मिसळल्या की त्यांच्या गुठळ्या होतात. यातून रक्तगट आले. १९२४ साली गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी त्यांचा वारसा ए, बी आणि ओ या तीन अ‍ॅलीलनी उलगडला. फेनोटाइप चार, जीनोटाइप सहा! ‘ए’ गटाचा माणूस आतून एए असेल किंवा एओ. ‘ओ’ मात्र ओओच. निदान तसे मानले जात होते.

७/ १९५२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांचे लंडनमधील सहकारी यांचा लेख आला. मुंबईतील तीन व्यक्तींच्या लाल पेशी तपासणीत ‘ओ’सारख्या दिसत होत्या, पण त्यांचा रक्तरस ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता. ओळखीच्या चार गटांपैकी एकही त्यांना लागू पडेना.

८/ उकल ‘एच’ नावाच्या प्रतिजनात होती. ए आणि बी जनुकांची विकरे आपापली शर्करा या ‘एच’च्या टोकाला जोडतात. ‘ओ’ गटात ‘एच’ तसाच उघडा राहतो. या तिघांपाशी मूळ ‘एच’च नव्हता. पायाच नाही, तर मजला चढवायचा कशावर?

९/ म्हणजे अशा व्यक्तीपाशी ए किंवा बी जनुक असूनही तो रक्तात दिसणार नाही. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांच्या गटाने नेमके हेच मांडले : आईच्या रक्तात न दिसलेला ‘बी’ अपत्यात प्रकटला. फेनोटाइप गप्प होता, जीनोटाइप पुढे चालत आला होता. एका जनुकाने दुसऱ्याला असे झाकणे म्हणजे ‘एपिस्टॅसिस’. हा शब्दही बेटसन यांच्याच परंपरेतला.

१०/ ‘एच’चा अभाव अप्रभावी आहे, आई आणि वडील दोघांकडूनही तो यावा लागतो. म्हणून जवळच्या नात्यांत लग्ने होतात तेथे त्याची शक्यता वाढते. भारतात हा गट साधारणतः १०,००० व्यक्तींत एकाचा, तर युरोपात सुमारे १० लाखांत एकाचा मानला जातो.

११/ आता जिवाचा प्रश्न. केवळ पेशी तपासून अशा रुग्णावर ‘ओ’ अशी चिठ्ठी लागली आणि ‘ओ’ रक्त चढवले, तर त्याच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या पेशी फोडू लागतात; मृत्यूही ओढवतो. त्याला रक्त चालते ते केवळ आपल्याच गटाचे. म्हणून रक्तपेढीत पेशींसोबत रक्तरसही तपासतात, आणि त्यात ‘ओ’ पेशी मिसळून पाहतात. दिसण्यावर विसंबायचे नाही, हा योहान्सन यांचा धडा येथे रोजची शिस्त झाला आहे.

१२/ भेंडे हे नाव विकृतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना ‘भेंडे–देवधरे’ या पाठ्यपुस्तकामुळे परिचित आहे. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले. जगभरच्या ग्रंथांत मात्र ‘बॉम्बे फेनोटाइप’ तसाच राहिला. त्यातला ‘फेनोटाइप’ शब्द नीट वाचावा. ते नाव दिसणाऱ्या रूपाचे आहे. आत काय दडले आहे, ते त्याला सांगता येत नाही.

(समाप्त)