जावास्क्रिप्टचा जानेवारी शून्य का असतो?

आजचा किस्सा एका जन्मतारखेपासून सुरू होतो.

पहिल्या नोकरीत मी एक नोंदणीचा फॉर्म लिहिला होता. कॅलेंडरमधून तारीख निवडा, सेव्ह करा, झालं. दोन आठवड्यांनी सपोर्टच्या मैत्रिणीचा मेसेज आला, "अरे, १५ तारखेला जन्मलेली मुलगी इथे १४ तारखेची कशी दिसतेय?" बघतो तर सगळ्यांचाच जन्म एक दिवस आधी झालेला! लॉग उघडला, तर प्रत्येक तारखेपुढे तीच वेळ होती : १८:३०.

घोळ माझाच होता. मी डेट ऑब्जेक्टवर टू-आयएसओ-स्ट्रिंग चालवून पहिली दहा अक्षरं कापत होतो. ते फंक्शन वेळ यूटीसीमध्ये देतं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपली १५ तारखेची मध्यरात्र ही तिकडची १४ तारखेची संध्याकाळ, साडेसहा वाजताची.

पण डेट इतकं विचित्र का वागतं? त्यासाठी १९९५ सालात जाऊ. मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत नव्या भाषेचा पहिला नमुना लिहिला. तेव्हा तिचं नाव मोका होतं. वरून सांगणं एकच : दिसायला जावासारखी पाहिजे. तारखांचा वेगळा विचार करायला वेळ होता कुणाला? केन स्मिथ या सहकाऱ्याने जावाचा डेट क्लासच इकडे आणला, खोडींसकट.

त्या खोडीही जावाच्या स्वतःच्या नव्हत्या. सी भाषेत महिना ० ते ११ मोजतात, वर्ष १९०० पासून मोजतात, आणि दिवस मात्र १ ते ३१. महिन्यांची नावं ॲरेत ठेवली की शून्यापासून मोजणं सोयीचं पडतं, हे एक वेळ मान्य. दिवसांना नावं नसतात, म्हणून ते एकपासून. एकाच तारखेत दोन हिशेब!

जावावाले लवकर शहाणे झाले. १९९७ मध्ये, जावा १.१ मध्ये, त्यांनी त्या क्लासमधल्या बहुतेक मेथड जुन्या ठरवून कॅलेंडर नावाचा नवा क्लास दिला. (त्यातही जानेवारी शून्यच ठेवला, ते सोडा.) जावास्क्रिप्टला ती मुभा नव्हती. वागणूक बदलली की जगभरातली जुनी पानं मोडतात. २००० साल उजाडलं तेव्हा गेट-इयर १०० द्यायला लागलं, आणि त्याच्या आधी '१९' चिकटवणाऱ्या साइट्सवर वर्ष झळकलं १९१००. गेट-फुल-इयर तोवर आलेलं होतं, पण जुना कोड कोण बदलतो? गेट-इयर आजही ब्राउझरमध्ये आहे. करून बघा.

मग आज काय करायचं? फॉर्मच्या डेट इनपुटमधून तारीख आधीच स्ट्रिंग म्हणून मिळते : वर्ष, महिना, दिवस. जन्मतारखेला ती तशीच पाठवा, डेट ऑब्जेक्ट करूच नका. करावाच लागला तर गेट-फुल-इयर, गेट-मंथ अधिक एक आणि गेट-डेट असे तीन आकडे घ्या, पॅड-स्टार्टने शून्य लावा आणि जोडा. उलट्या दिशेनेही जपा. नुसती तारीख असलेली स्ट्रिंग न्यू डेटला दिली की ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते. आपल्याकडे ती सकाळी साडेपाच दिसते, तारीख तीच, त्यामुळे बग कळतच नाही. कळतो अमेरिकेतल्या क्लायंटला, कारण त्याला आदला दिवस दिसतो.

खरा उपाय म्हणजे टेम्पोरल. मोमेंट-जेएसच्याच एका मेंटेनरने त्याचा प्रस्ताव पुढे नेला आणि २०२५ च्या मे महिन्यात तो फायरफॉक्स १३९ मध्ये आला. त्यात जानेवारी १ आहे, आणि प्लेन-डेटला टाइमझोनच नाही. जन्मतारखेला हवं तेच.

हां, त्या नोंदींचं काय झालं? मी सगळ्यांना एक दिवस मिळवणारी स्क्रिप्ट लिहिली. चालवण्याआधी सपोर्टच्या मैत्रिणीने हात धरला. काही पालकांनी चूक बघून आपणहून पुढची तारीख निवडली होती, त्यामुळे त्यांची नोंद बरोबर होती. माझ्या स्क्रिप्टने ती बिघडली असती. डेटाबेसमध्ये दोन्ही नोंदी सारख्याच दिसत होत्या. शेवटी यादी काढली आणि आम्ही दोघं फोन करत बसलो.