तार, टीटीवाय आणि वेलांटी

बाबा मुंबईच्या एका मराठी दैनिकात रात्रपाळीचे उपसंपादक होते. लहानपणी एकदोनदा त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो, तेव्हा कोपऱ्यात टेलिप्रिंटर खडखडत होता. पीटीआयचा मजकूर इंग्रजीत, अक्षरं सगळी कॅपिटल. शिपाई पट्टी लावून कागद फाडायचा, टेक, म्हणजे बातमीचा तो तुकडा, बाबांच्या टेबलावर ठेवायचा आणि बाबा न्यूजप्रिंटच्या तुकड्यावर त्याचं मराठी करायला घ्यायचे. देवनागरी टेलिप्रिंटर पन्नाशीच्या दशकातच देशात आला होता. पण बाबांच्या टेबलावर पडायचं ते इंग्रजीच.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. चित्रं दाखवणारं खातं वर्षाला २५० तासांसाठी पंधरा हजारांच्या घरात, म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर. मी घेतलं विद्यार्थ्यांचं ‘शेल’ खातं. त्यात फक्त अक्षरं. मोडेम किंचाळायचा, मग काळ्या पडद्यावर ‘जीआयएएसबीएम०१’ नावाचं युनिक्स यंत्र लॉगिन विचारायचं. आईनं आतल्या खोलीतला फोन उचलला की सगळं गेलं.

बातम्या वाचायच्या लिंक्समध्ये. हा ब्राउझर १९९२मध्ये कॅन्सस विद्यापीठात तयार झाला. खालचा बाण दाबत दुव्यावर जायचं, उजवा दाबला की आत, डावा दाबला की मागे. फोटोच्या जागी कंसात ‘इमेज’ एवढाच शब्द. (काही हुशार मुलं ‘स्लर्प’ नावाचा प्रोग्राम चढवून त्याच खात्यावर चित्रं पाहायची. मला ते कधी जमलं नाही.) यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चागटांत, मराठी मंडळींचा एक गटही होता. अमेरिकेतली माणसं तिथे रोमन लिपीत मराठीतून कडाकडा भांडायची.

एका रात्री बाबा मागे येऊन उभे राहिले. ओळी खालून वर सरकत होत्या. म्हणाले, “अरे, हा तर आमचा टेलिप्रिंटर!” त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते शब्दशः खरं होतं. युनिक्स घडवणाऱ्यांपुढे ‘मॉडेल ३३’ टेलिटाइप असायचे, सेकंदाला दहा अक्षरं छापणारे. टर्मिनलला, म्हणजे अक्षरांच्या त्या पडद्याला, युनिक्स आजही ‘टीटीवाय’ म्हणतं, ते टेलिटाइपवरूनच.

पुढे मराठी दैनिकं वेबवर आली. मी हौसेनं एकाचा पत्ता टाकला, तर पडद्यावर चिन्हांची भेळ. प्रत्येकाचा फाँट वेगळा, त्याचे संकेतांक वेगळे. तो फाँट नसेल तर ‘मुंबई’चं काय होईल ते देव जाणे. सगळ्या लिप्यांना सामायिक संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण छापखान्यांची घडी फाँटांवर बसलेली. ती मोडायला पुढचं दशक गेलं.

आता मराठी मजकूर टर्मिनलमध्ये येतो. पण माझ्याकडच्या टर्मिनलमध्ये प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचं घर. युनिकोडमध्ये व्यंजन आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर साठवतात. दाखवताना तिला डावीकडे आणणं हे पडद्याचं काम. माझा पडदा ते करत नाही. ‘दिल्ली’ची वेलांटी ‘द’च्या मागे लोंबकळते, जोडाक्षरं सुटी पडतात.

परवा बाबांना दाखवलं. वय ८४, चष्मा जाड. हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, “वेलांटी आधी घे.”