साडेसहा साखळ्या

डोक्याला पागोटं, काखेत वही आणि पायाखाली ढेकळं. साल १८८०च्या आसपासचं, गाव दख्खनचं कुठलंही धरा. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३६ मध्ये बसवलेली मोजणी-जमाबंदीची पद्धत एव्हाना गावोगाव पोचली आहे आणि तुम्ही तिचे पगारी मोजणीदार आहात. पाटील बांधावर छत्री धरून उभा आहे, कुळकर्णी सावली शोधतो आहे. हद्दीबद्दल खरं काय ते ज्याला विचारायचं, तो गावचा वतनदार महार मात्र तुमच्या पुढे चालतो आहे.

समोर लोखंडी साखळी ताणलेली आहे. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे माप ज्यानं ठरवलं त्याला भर उन्हात तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाची दया आली असणार.

शंकू रोवा. त्याच्या फुलीतून पाहिलं की काटकोन मिळतो. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायाची रेषा धरली, ती भरली चौदा साखळ्या. तिच्यावरून चालत बांधाच्या कोपऱ्यासमोर या, काटकोनात साखळी टाका. पलीकडून साखळीवाला ओरडतो, "सहा भरल्या, आन् वर आठ आणे!"

तुम्ही वहीत लिहिता: ६॥.

सहा, आणि पुढं दोन उभ्या दांड्या. दांड्या म्हणजे अर्धा, पोरासोरांनाही कळतं. त्रिकोणाचा हिशेब जागच्या जागी होतो: चौदा गुणिले साडेसहा, भागिले दोन, साडेपंचेचाळीस गुंठे. दांड्या गळाल्या तर उरतील बेचाळीस. साडेतीन गुंठ्यांचा फरक. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं आपण या दोन दांड्यांच्या मागं जाणार आहोत, तेव्हा त्या नीट पाहून घ्या.

तुमचं टिपण दिसायला ओबडधोबड आहे. चौदा साखळ्यांची रेषा आणि साडेसहाची रेषा त्यात जवळपास सारखीच दिसते. मजकूर मोडीत, घाईचा. पण कागदावर रेषा कशीही असो, तिच्यावर आकडा आहे. कचेरीत गेल्यावर या टिपणांवरून गावाचा नकाशा निघतो: इंचाला वीस साखळ्या, म्हणजे एका इंचात ६६० फूट. नकाशा सुरेख आहे. ओढा, विहीर, गाडीवाट, सर्व्हे नंबर, सगळं जिथल्या तिथं. फक्त मापं नाहीत. रेषांना आकड्यांची गरज उरली नाही असं कचेरीला वाटलं. टिपण एका रुमालात बांधलं गेलं, नकाशा दुसऱ्यात. पुढचा बहुतेक घोळ त्या दोन गाठींत बांधलेला आहे.

आता १९७० नंतरची कुठलीतरी सकाळ. पागोटं गेलं, टेरिकॉटचा शर्ट आला. तुम्ही ट्रेसर आहात. कापडावर डकवलेला तो जुना नकाशा घड्यांवर झिजला आहे. त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून तुम्ही रॉटरिंग पेनानं बांधामागून बांध उतरवता. शाई पसरली की अर्ध्या ब्लेडनं खरवडायची, वर नखानं घासायचं, म्हणजे कागद पुन्हा शाई धरतो. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि उभा-आडवा सारखाच आकसेल असंही नाही.

पेन ०.५चं आहे. जरा थांबून हिशेब करा. या प्रमाणात कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे रानातले सुमारे चार मीटर, तेरा फूट. तुम्ही आत्ता सहज ओढलेल्या रेषेखाली बैलगाडी उभी राहील. बांध या रेषेच्या डाव्या कडेला आहे की उजव्या, हे तुम्हाला माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. हेड ड्राफ्ट्समन येऊन एवढंच म्हणतात, "रेषा एकसारखी काढ रे." मग ट्रेसिंग अमोनिया प्रिंटला जातं. त्या खोलीतून माणूस डोळे पुसतच बाहेर येतो. प्रिंटवर प्रिंट निघते. टिपणाचा रुमाल कुणी सोडलेला नाही.

थोडं मागं जाऊन १९६३ला धावती भेट द्यावी लागते. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाचा तरुण टीएक्स-२ संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनं रेषा काढतो आहे. त्याच्या स्केचपॅडमध्ये दोन रेषांना काटकोनात राहा म्हणून बजावता येतं, आणि त्या राहतात. शंकूचं काम पडद्यावर आलं. पुढं डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात येतं आणि ड्रॉइंग बोर्डाचे दिवस भरत येतात.

१९९६. पुणे, पेठेतल्या वाड्याचा वरचा मजला. दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण आत कॉम्प्युटर आहेत आणि त्यांना धूळ चालत नाही. एसी माणसांसाठी नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं आहे. मेजाएवढा डिजिटायझर, त्यावर सेलोटेपनं चिकटवलेली अमोनिया प्रिंट, हातात पक. त्याच्या पुढच्या काचेत बारीक फुली आहे. आधी नकाशाच्या चार कोपऱ्यांवर क्लिक करून यंत्राला कागदाचा ताण-आकस समजावायचा. मग एकेका बांधाचं एकेक वळण: फुली रेषेवर आणा, बटण दाबा, पुढं सरका. दुपारी जेवणानंतर फुली आपोआप रेषेच्या आतल्या अंगाला घसरू लागते. मान अवघडली की जमिनी लहान होतात.

दोन शेतांचा सामाईक बांध ही इथली खरी परीक्षा. एकदा या शेताच्या वेळी क्लिक केला, पुन्हा शेजाऱ्याच्या वेळी. दोन्ही रेषा एकमेकींवर कधीच बसत नाहीत. मधे केसाएवढी फट राहते किंवा एक शेत दुसऱ्यात घुसतं. जाणता ऑपरेटर तीच रेषा दोन्हीकडे वापरतो. नवखा पुन्हा काढतो, कारण मोबदला सर्व्हे नंबरमागं आहे. भाऊबंदकीची नवी कारणं या मजल्यावर नगावर तयार होत होती, असं म्हटलं तर फार चूक नाही.

आता आज. खुर्ची तुमचीच आहे. फोनवर दोन पीडीएफ आले आहेत, सोबत निरोप: "साहेब, एवढं ऑटोकॅडमध्ये करून द्या, एडिट होईल असं. लेआउट टाकायचाय." दहा मिनिटांचं काम असल्यासारखा त्याचा सूर आहे.

पहिली फाइल गावाच्या नकाशाची. आधी ती मोठी करून बघा. रेषेची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसली, तर तो फक्त फोटो आहे. पीडीएफ थेट सॉफ्टवेअरमधून निघाली असती तर रेषा आत शाबूत असत्या. ऑटोकॅड २०१७पासून त्या सरळ आयात होतात. कटकटी तेव्हाही असतातच. पीडीएफला वर्तुळ म्हणून काही ठाऊक नाही, फक्त रेषा आणि वक्र. त्यामुळे मूळची गोल विहीर तिच्यात वक्रांचे तुकडे होऊन जाते. मराठी नावं जुन्या फाँटात टाइप केली असतील तर खंडोबाच्या माळाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळते.

पण तुमची फाइल स्कॅन आहे. ३०० डीपीआय. इंचात ६६० फूट आणि इंचात तीनशे ठिपके, म्हणजे एक ठिपका २.२ फुटांचा. साखळीचा एक आणा दोन फुटांहून जरासाच मोठा. गंमत बघा, इतक्या वर्षांनी यंत्राची नजर साखळीच्या आण्यापाशीच येऊन थांबली.

रेषा उचलणारं सॉफ्टवेअर चालवा. ते जाड रेषा दोन्ही बाजूंनी कुरतडत मध्यावर आणतं आणि तिथं जाडी नसलेली रेषा टाकतं. तुटक गाडीवाटेचे तेवढे तुकडे होतात. चहाचा डाग बंद आकृती बनतो. कापडाची घडी पडली होती तिथून एक नवा, सरळसोट बांध निघतो. गावात तो कधीच नव्हता. तेरा फुटी रेषेच्या पोटातून निघालेल्या या फाइलला लांबी विचारा, ती दशांश चिन्हापुढं आठ आकडे देते. एवढा आत्मविश्वास त्या साखळीवाल्याकडंही नव्हता.

दुसरी पीडीएफ टिपणाची. रुमाल अखेर कुणीतरी सोडला. इथं सॉफ्टवेअर आपण होऊन एक मदत करतं: बारीकसारीक डाग आधी साफ करतं. क्षणभर पडदा हलतो, कागद स्वच्छ होतो. सहाचा आकडा आहे. पुढं काही नाही.

साफसफाई बंद करा. दांड्या परत आल्या, पण आता त्या दोन बारक्या रेषा आहेत, बांधांच्याच लेयरवर, जणू कुणी रानात दोन काठ्या रोवल्यात. अक्षरओळख चालवली तर ६११. मोडी मजकुरावर ती काही बोलतच नाही; तो जाणकाराकडून वाचून घ्यावा लागेल. तेव्हा गिरवणं सोडून द्या. पायाची रेषा आकडा टाकून काढा: चौदा साखळ्या, ४६२ फूट, १४०.८२ मीटर. योग्य जागी काटकोन, त्यावर साडेसहा साखळ्या, २१४.५ फूट, ६५.३८ मीटर. कोपरा पडला. असं प्रत्येक कोपऱ्याचं. वेळ लागतो, आणि या कामाचं बिल कुणाला पटत नाही, तरी रूपांतर म्हणावं असं एवढंच आहे. बाकीचं नुसतं उतरवणं.

मग हे शेत नकाशातून निघालेल्या शेतावर ठेवा. विहीर जुळते, ओढा जुळतो. पूर्वेचा बांध जुळत नाही. एक लेयर टिपणाचा, एक नकाशाचा, रंग वेगळे. फाइल पाठवा.

पाच मिनिटांत फोन येतो.

"साहेब, बांध एकच आहे. तुम्ही रेषा दोन का मारल्या?"

"एक नकाशाची, एक टिपणाची. मधे दहा फूट आहेत."

"मग खरी कुठली?"

"आकडे टिपणाच्या बाजूनं आहेत. पण रानात खुणा भूमी अभिलेखचा मोजणीदारच घालणार. मोजणीचा अर्ज केलाय का?"

"ते बघू हो नंतर. तुम्ही एक पुसून पाठवा ना. जी बाहेरच्या अंगाला आहे, ती ठेवा."