समान कामाला समान दाम : एका लढ्याचा इतिहास

'समान कामाला समान वेतन' हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. पण ते आपल्या पदरात कसे पडले, हे नव्या पिढीला सांगायलाच हवे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली. पण कुठे? तर रिंग खात्यात, कमी पगारावर. जादा मजुरी होती विणाई खात्यात, आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव! कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्य कामगारांना चालत नसे. म्हणजे हाताचे कसब बाजूला, जात बघून पगार ठरायचा.

१९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना खडसावून विचारले, की सर्व खाती अस्पृश्यांना खुली करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढाऱ्यांनी ती नाइलाजानेच घेतली. मालकांनीही सुनावले, की हा अन्याय असेल तर दोष आमचा नव्हे! लाल बावट्याखालीसुद्धा जात सुटली नव्हती, हे त्यातून उघड झाले.

पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळात बायकांना कोळसा खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. त्यावर टीका झाली. १९४४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात उत्तर देताना त्यांनी सांगितले, की स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच मान्य झाले आहे. हेच तत्त्व संविधानाच्या ३९ (ड) कलमात आले.

पण कलमाला कायद्याची धार यायला १९७६ साल उजाडले. तेव्हा समान वेतन कायदा झाला. त्याच्या जोरावर मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील महिला स्टेनोग्राफर ऑड्रे डिकोस्टा लढल्या. युनियनशी करार झालाय, कंपनीला परवडत नाही, या सबबी चालणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. संहितेतले भेदभावबंदीचे कलम पगारात आणि भरतीत लिंगभेदाला मनाई करते. जातीचा शब्द त्यात नाही. १९२८ चा प्रश्न तर जातीचाच होता. तेव्हा जादा दराच्या खात्याचे दारच बंद होते. म्हणून नुसती पगाराची पावती तपासून भागणार नाही. चांगल्या पगाराच्या खात्यात आपल्या मुला-मुलींना घेतात की झाडू आणि कंत्राटच त्यांच्या वाट्याला येते, तेही पाहिले पाहिजे. घेत नसतील तर एकट्याने कुढत बसू नका. संघटित व्हा आणि कारण लेखी मागा. बाबासाहेबांनी प्रश्न विचारला, म्हणूनच ती मागणी यादीत आली.